सर्दी बारमाही, ताप कधीच नाही: मुलांच्या नाकाची ॲलर्जी आणि कोकणातली ओल

राजापूरची_सून

मंडळी, मुलगा सहा वर्षांचा. पुण्याहून सासरच्या घरी राहायला आलो तेव्हापासून त्याचं नाक कोरडं असं नाहीच. सकाळी अंथरुणातून उठला की शिंकांची माळ लागते, नाकातून नुसतं पाणी, आणि तासाभराने गडी एकदम ठीक. दिवसभर तळहाताने नाक खालून वर चोळत असतो. आता नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी रेघच उमटली आहे. डोळ्यांखाली काळं. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. ताप मात्र येत नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं, जांभया देत बसतो.

डॉक्टर दर वेळी अँटिबायोटिक आणि एक गुलाबी सिरप देतात. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. सासूबाईंच्या मते दोष दह्याचा आणि केळ्याचा. शेजारच्या काकांच्या मते आंब्याच्या मोहोराचा. पण मोहोर हिवाळ्यात येतो आणि ह्याचे सगळ्यात वाईट दिवस जून ते ऑक्टोबर! घर जुनं, जांभ्याचं, कौलारू. पावसात भिंती खालून गुडघाभर ओल्या होतात. कुणाच्या मुलांना असं झालंय का? काय केलंत?

कुडाळचो_बापूस

आमच्या झिलाक पण ह्याच. दही बंद केला, केळा बंद केला, आइस्क्रीमचा तर नावच नाय. शिंको काय बंद होवक नाय. मगे एका डॉक्टरान विचारल्यान, पोरगो झोपता ती गादी किती वर्साची? म्हटलंय, माझ्या लग्नातली. डॉक्टर हसलो.

गिऱ्हाईक इला, मगे लिवतंय.

बालरोगवाला

राजापूरच्या ताई, धाग्यावर रोगनिदान होत नाही, मुलाला प्रत्यक्ष दाखवायलाच हवं. पण तुमचं वर्णन वाचून मी दवाखान्यात पहिला विचार नाकाच्या ॲलर्जीचाच केला असता.

साधी सर्दी विषाणूची. पहिल्या दिवसांत कणकण, अंगदुखी, घसा. शेंबूड आधी पातळ, मग घट्ट. सात ते दहा दिवसांत आटोपते. ॲलर्जीत ताप नसतो, नाकातून येतं ते पाण्यासारखं, शिंका एकामागून एक, आणि मुख्य म्हणजे खाज. नाकाला खाज, डोळ्यांना खाज, टाळूला खाज. लहान मुलाला 'टाळू खाजते' हे सांगता येत नाही, तो जिभेने टाळूवर टकटक आवाज काढतो. आयांना ते खोडकरपणा वाटतं. तळहाताने नाक वर ढकलायची सवय इतकी ठरलेली असते की खोलीत शिरणारं मूल बघूनच अंदाज येतो. ती आडवी रेघ त्याच चोळण्याची. डोळ्यांखालचं काळं जागरणाचं किंवा अशक्तपणाचं असेलच असं नाही. नाकाच्या आतली सूज तिथल्या शिरांतलं रक्त अडवते, त्यामुळे ते दिसतं.

दुसरी बाजूही सांगतो. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं अगदी नेहमीचं आहे, त्या सगळ्यांना ॲलर्जी म्हणू नका. दोन वर्षांखालच्या बाळाचं नाक सतत वाहत असेल तर मी ॲलर्जीपेक्षा आधी इतर कारणं शोधतो. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर ॲलर्जी विसरा, आत काहीतरी अडकलंय: मणी, चिंचोका, खोडरबराचा तुकडा. घड्याळाची बटणासारखी बॅटरी अडकल्याचा संशय असेल तर त्याच क्षणी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, ती काही तासांत आतलं जाळते.

आता दही-केळं. खाण्याची ॲलर्जी असेल तर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. फक्त नाक गळणं, तेही महिनोन्‌महिने, हे खाण्यामुळे क्वचितच. उगाच दूध-दही-फळं तोडून पोराला हडकुळं करू नका.

राजापूरची_सून

टाळूचा टकटक आवाज!! अहो, तो आमच्याकडे रोजचा आहे. मी त्यावरून ओरडायचे त्याला.

मग पावसातच का जास्त?

बालरोगवाला

कारण तुमच्या घरातली ओल. धुळीत डस्ट माइट नावाचे किडे असतात, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढेही नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा खातात. पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता अंगात ओढून घेतात. हवा पन्नास टक्क्यांखाली कोरडी राहिली तर हळूहळू मरतात. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असते, आणि कापसाची गादी तर त्यांना माहेरच. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं नाकात गेली की शिंका. रात्रभर नाक उशीत, म्हणून सकाळी उठल्यावरच माळ लागते.

दुसरी बुरशी. भिंतीच्या खालच्या भागातले काळे-हिरवे ठिपके, फडताळातल्या पुस्तकांना येणारा कुबट वास, चामड्याच्या चपलेवरची पांढरी लव. तिसरं झुरळ, स्वयंपाकघरातलं.

देवगडकर_बागवाला

मोहोराला इतकं हलक्यात काढू नका. माझी मुलगी जानेवारीत बागेत गेली की डोळे लाल करून घरी येते. दर वर्षी.

वनस्पतीवेडा

बागवाले दादा, मुलीचा त्रास खरा, पण गुन्हेगार दुसरा असण्याची शक्यता जास्त. आंब्याचं परागीभवन करतात माश्या आणि कीटक. पराग जड, चिकट, वाऱ्यावर लांब जात नाही. वाऱ्यावर स्वार होणारा पराग असतो गवताचा, आणि आपल्याकडे गवतं फुलतात पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्याच सुमारास भातकापणी, झोडणी, पेंढा, कोंडा. नारळाचा परागही ॲलर्जी देणाऱ्यांत मोडतो, आणि नाराळ बारा महिने फुलतो. मोहोराच्या दिवसांत बागेत आणखी काय चालू असतं ते आठवा.

देवगडकर_बागवाला

फवारण्या. हं.

वनस्पतीवेडा

तेच. कीडनाशकाचा फवारा, सुकलेल्या गवताची धूळ, रस्त्यावरची तांबडी माती. ह्यातलं बरंचसं नाकाला चिडवतं, त्याला ॲलर्जी असावीच लागते असंही नाही. पुढे फेब्रुवारीनंतर काजू भाजायच्या दिवसांत टरफलाच्या तेलाचा जो उग्र धूर निघतो, त्याने तर धडधाकट माणसाचं नाक-डोळे गळतात. आणि पावसाआधी राब भाजणं, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळणं. मुलीला फवारणीच्या दिवशी आणि पुढचे दोन-चार दिवस बागेत नेऊ नका, मग बघा फरक पडतो का. बागेत खेळलेलं मूल घरात आलं की आंघोळ आणि कपडे बदलणं, एवढं तरी कराच.

गुहागरकर_काकू

माझ्या नातवावर प्रयोग झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळं घर धुऊन काढायला जाऊ नका. दमाल आणि आठ दिवसांत सोडून द्याल. फक्त पोर झोपतं ती जागा धरा. आम्ही शिंप्याकडून गादीला आणि उशीला सगळ्या बाजूंनी बंद होणारी, चेन लावलेली रेक्झिनची खोळ शिवून घेतली. वर सुती चादर, नाहीतर रात्री घामाने चिकटतं. चादर, अभ्रे, पांघरूण आठवड्यातून एकदा कडकडीत पाण्यात. साठ अंश लागतात म्हणे. आमच्याकडे थर्मामीटर नाही, पण न्हाणीच्या चुलीवरचा हंडा असतो: ज्या पाण्यात हात घालवत नाही ते पाणी बादलीत ओतायचं, चादर बुडवून झाकण ठेवायचं, पाऊण तासाने धुवायची. गार पाण्यात साबण घालून कितीही आपटली तरी किडे मरत नाहीत.

पावसात वाळत नाहीत ही खरी गोची. चुलीच्या वरच्या दांडीवर वाळत घालू नका, धुराचा वास कपड्यात बसतो आणि पोर पुन्हा शिंकतं. मी पातळ सुती चादरी जास्त घेतल्या, पंख्याखाली एका रात्रीत वाळतात. जाड गोधड्या आणि रजया पोराच्या खोलीतून बाहेर. लोकरीचं काही नाही.

ऊन पडलं की गादी खळ्यात टाकतो आपण, ते चांगलंच, ओल निघते. पण नुसत्या उन्हाने आतली घाण जात नाही. आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा असेल तर त्या दिवशी पोराला मामाकडे पाठवा. आमच्या नातवाला त्या एका दुपारने आठवडाभर आडवं केलं होतं.

मऊ खेळणी: प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये, मग धुवायची. सुनेने अस्वल कोळंबीच्या शेजारी ठेवलं तेव्हा मीच किंचाळले होते.

कुडाळचो_बापूस

काकू, अस्वल!! 😂

रेक्झिनचा खराच. आमच्याकडे गादीच काढून टाकली, पोराक चटई आणि वर धुवूक येणारी पातळ दुलई. मच्छरदाणी लावतंव, कॉइल बंद. कॉइलचो धूर जावन रात्रीचो खोकलो अर्धो कमी झालो. पण मच्छरदाणी पण धुवूक होयी, ता कोण सांगणत नाय.

तात्या_वेंगुर्लेकर

आमच्या लहानपणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचो. कुणाला ॲलर्जी नव्हती. हल्लीची मुलं नाजूक.

राजापूरची_सून

तात्या, माझ्या सासऱ्यांना ती होती. तेव्हा तिला 'पडसं' म्हणायचे आणि ते आयुष्यभर रुमाल घेऊन फिरले. 🙂

डॉक्टर, तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे रत्नागिरीला दाखवून आले. ॲलर्जीच निघाली. नाकात मारायचा स्प्रे दिलाय, रोज, निदान दोन-तीन महिने. डब्यावर वाचलं तर स्टिरॉइड! सासूबाईंनी फडताळात ठेवून दिलाय. मलाही धाकधूक आहे.

बालरोगवाला

हा प्रश्न मला रोज येतो, म्हणून जरा लांब लिहितो.

मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन फ्युरोएटचे स्प्रे दोन वर्षांवरच्या मुलांना दिले जातात. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, औषध नाकाच्या अस्तरावर काम करतं आणि रक्तात जातं ते अगदी नगण्य. सतत नाक बंद असणाऱ्या मुलासाठी आजच्या घडीला ह्याच्याइतकं परिणामकारक औषध दुसरं नाही. उंचीबद्दल काळजी असते: काही अभ्यासांत स्प्रेवर असलेल्या मुलांची वाढ पहिल्या वर्षात किंचित मंदावल्याचं दिसलंय. म्हणून कमीत कमी मात्रा ठेवायची, दर भेटीत उंची मोजायची, बरं वाटलं की डॉक्टरांना विचारून कमी करायचं.

खरी भीती बाळगायची ती वेगळ्या गोष्टीची. 'सर्दीचं इंजेक्शन' म्हणून टोचलं जाणारं किंवा पुडीतून दिलं जाणारं स्टिरॉइड. त्याने एका दिवसात नाक मोकळं होतं, आईबाप खूश, आणि ते सगळ्या अंगात जातं. पुडीत काय आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

स्प्रेने पहिल्या दिवशी काही वाटणार नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि 'काही उपयोग नाही' म्हणून चौथ्या दिवशी बंद करणारेच जास्त. मारायची पद्धतही महत्त्वाची. आधी नाक शिंकरून साफ. बाटली हलवा. मान किंचित पुढे, वर नाही. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजव्या नाकपुडीला डावा, म्हणजे नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने राहतं. पडद्यावर मारलं तर रक्त येतं. जोरात ओढून घेऊ नये. घशात कडू लागलं म्हणजे औषध नाकात थांबलंच नाही.

स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतलं तर आणखी चांगलं. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं किंवा नळाचं थेट कधीही नाही, त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, फार दुर्मीळ पण जीवघेणा. कपभर म्हणजे २४० मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. लहान मुलांना पिचकारी नको, दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब पुरेत.

औषधवाला_चिपळूण

काउंटरच्या ह्या बाजूने थोडं. लोक नाक उघडायचे थेंब मागतात, झायलोमेटाझोलिनवाले. दोन मिनिटांत नाक मोकळं, म्हणून आवडतात. चार-पाच दिवसांच्या वर वापरले की थेंब सोडताच नाक आणखी चोंदतं, आणि गिऱ्हाईक महिनाभर परत येत राहतं. मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका.

गुलाबी-पिवळी सिरपं: क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन ह्या जोडीवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलेत. क्लोरफेनिरामिनने झोपही येते. शाळेत पेंगणारा मुलगा ॲलर्जीने पेंगतोय की सिरपने, हे आधी बघा. सिट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नंतरच्या पिढीतली औषधं कमी झोप आणतात. त्यातल्या त्यात सिट्रिझिनने काहींना येते.

आणि मॉन्टेलुकास्ट, ॲलर्जी-दम्यावरचं औषध. लिव्होसिट्रिझिनसोबतची त्याची गोळी आपल्याकडे सर्रास खपते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, त्यावर सगळ्यात कडक इशारा दिला: मुलांत वाईट स्वप्नं, चिडचिड, मूड बिघडणं होऊ शकतं, नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी इतर औषधं चालली नाहीत तरच द्यावं. मूल अचानक रात्री किंचाळून उठायला लागलं तर डॉक्टरांना सांगा.

राजापूरची_सून

सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'उंची मोजायची' हे ऐकल्यावर फडताळ उघडलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून झालीसुद्धा.

माईचा_बटवा

स्प्रे-बिप्रे ठीक, पण रात्री दोन्ही नाकपुड्यांत खोबरेल तेलाचे दोन थेंब, ओव्याची धुरी आणि कपाळावर वेखंड. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच.

बालरोगवाला

माई, वेखंड कपाळावर लावा, माझी हरकत नाही. पण लहान मुलाच्या नाकात तेल नको. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येते आणि ती लवकर जात नाही. धुरीही नको, ओव्याची असो की उदाची. ॲलर्जीचं नाक आधीच सुजलेलं, धूर ते आणखी चिडवतो. ओव्याची पुरचुंडी उशापासून लांब ठेवा, चालेल. कापूर मात्र नको. पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. वाफेचं भांडं मुलासमोर ठेवूच नका. भाजलेली पोरं दर पावसाळ्यात येतात.

माईचा_बटवा

धुरीचं पटलं. तेलाचं विचार करते.

खेडची_आई

आम्ही चाचण्यांवर बक्कळ पैसे घालवले. एका लॅबने शे-दीडशे पदार्थांची यादी हातात दिली, त्यात वांगं, तांदूळ, नाराळ सगळं 'पॉझिटिव्ह'. कोकणात राहून तांदूळ आणि नाराळ सोडून खायचं काय? पुन्हा एकदा रक्त तपासलं तर इओसिनोफिल ह्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणि आयजीई, ती ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी (प्रतिपिंड), ती पण. नक्की काय समजायचं?

बालरोगवाला

ती लांबलचक यादी बहुधा आयजीजी ह्या वेगळ्याच अँटीबॉडीची असावी. ती अँटीबॉडी आपण जे खातो त्याविरुद्ध तयार होतच असते, तिच्यावरून ॲलर्जी ठरत नाही. फाडून टाका आणि पोराला भात घाला.

इओसिनोफिल आणि एकूण आयजीई जंतांमुळेही वाढतात. जंतनाशक गोळी शाळेत-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, ती चुकवू नका. ॲलर्जी कशाची हे बघायचं तर त्वचेवर टोचून करतात ती चाचणी, किंवा ठरावीक घटकाची आयजीई रक्तचाचणी. त्वचेच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर सिट्रिझिनसारखी औषधं बंद ठेवावी लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. पण बहुतेक मुलांना ह्या चाचणीची गरज पहिल्याच दिवशी नसते. औषधं नीट घेऊनही भागत नसेल आणि इम्युनोथेरपीचा, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावण्याचा, विचार असेल तेव्हा ती करायची. ती उपचारपद्धती साधारण पाच वर्षांवरच्या मुलांना, तीन ते पाच वर्षं चालते. जवळ ॲलर्जीतज्ज्ञ नसेल तर दर वेळी कोल्हापूर किंवा मुंबईची फेरी धरा, आणि मगच ठरवा.

एक राहिलं. नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलाची छाती ऐकून घ्याच. रात्री किंवा पहाटे कोरडा खोकला, धावल्यावर दम, छातीत शिट्टी हे असेल तर दमाही असू शकतो, आणि नाक आटोक्यात आल्याशिवाय तो नीट आटोक्यात येत नाही. झोपेत घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा वाटणं, वर्गात ऐकू न येणं, डोळ्याभोवती सूज आणि ताप: ह्यांपैकी काहीही असलं तर धागा वाचत बसू नका, निघा.

डोंबिवलीचा_चाकरमानी

उशिरा येतोय. आमची दोन्ही पोरं मुंबईत ठीक असतात. गणपतीला गावी, संगमेश्वरला, गेलो की पहिल्याच रात्री शिंका सुरू, आरतीला डोळे सुजलेले. यंदाही जायचंय. काय करू?

गुहागरकर_काकू

पहिल्या रात्री कुठल्या गादीवर झोपतात? पोटमाळ्यावरून काढलेल्या ना, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या? तेच. आईंना सांगा, माळा झाडणं, जळमटं काढणं, रंग देणं हे सगळं पोरं यायच्या आठवडाभर आधी उरकून घ्या, आदल्या दिवशी नको. पोरांच्या चादरी-अभ्रे मुंबईहून न्या. माजघरात सगळे एका रांगेत झोपतात, तिथे पोरांना ओल्या भिंतीला लागून नको, पंख्याच्या हवेत मधे. आणि धूप, उदबत्त्या, फटाके चालू असतील तेव्हा पोरं पडवीत.

बालरोगवाला

काकूंना अनुमोदन. दर वर्षी ठरलेला त्रास असेल तर निघण्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून स्प्रे सुरू करता येतो, म्हणजे पोचेपर्यंत त्याचा गुण आलेला असतो. औषधं बरोबर न्या, चतुर्थीच्या दिवशी दुकान उघडं सापडेलच असं नाही.

डोंबिवलीचा_चाकरमानी

आभार. आत्ताच आईला फोन केला. ती म्हणते, गाद्या सकाळीच खळ्यात टाकल्या होत्या, पाऊस आला, भिजल्या. चटया घेऊन येतोय.